लग्नाच्या जुन्या डीव्हीडीची फाइल करताना

नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच लग्नांचे चित्रीकरण व्हीएचएस कॅसेटवर झाले, पुढे कोणीतरी ते डीव्हीडीवर उतरवून घेतले, आणि आता घरात ना कॅसेटचा प्लेअर उरला आहे, ना नव्या लॅपटॉपला डीव्हीडीचा ड्राइव्ह. कपाटातली ती डीव्हीडी वाचता येते आहे तोवर तिच्यातले चित्र आणि आवाज फोनवर व टीव्हीवर चालेल अशा फाइलमध्ये आणून ठेवावेत. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कोणाकडून मागून आणला, तर बाकीचे काम घरच्या घरी, फुकट होते. त्यासाठी तीन मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरतात : पाहण्यासाठी आणि तपासण्यासाठी व्हीएलसी, एन्कोड करण्यासाठी, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून नव्या फाइलमध्ये भरण्यासाठी, हँडब्रेक आणि नुसत्या आवाजासाठी ऑडॅसिटी.

ही सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावीत. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी निघाले आणि २००१ मध्ये ते जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांना खुले झाले. पण त्याच्या नारिंगी शंकूचे चित्र लावून जाहिराती घुसवणाऱ्या नकला पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात काही महिने उघडत नव्हते आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. त्या काळात लोकांनी भलत्याच ठिकाणांहून व्हीएलसी उतरवून घेतले, त्या प्रती अजून कोणाच्या संगणकावर असतील तर काढून टाकाव्यात. हँडब्रेकच्या बाबतीत २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका मिरर सर्व्हरवर, म्हणजे फाइलींची प्रत ठेवणाऱ्या जोडसर्व्हरवर, मॅकसाठीची फाइलच बदलून तिथे व्हायरस ठेवला गेला होता. म्हणून संकेतस्थळावर फाइलशेजारी दिलेला चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, आपल्या फाइलशी ताडून पाहण्याचा कंटाळा करू नये.

पहिले काम एन्कोडिंगचे नाही, नक्कल करण्याचे आहे. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर दिसते. ते अख्खे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत, कारण जुनी डीव्हीडी दहा वेळा फिरवण्यात अर्थ नाही. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगथर वर्षांनुवर्षे खराब होत जातो आणि बहुधा कडेकडून वाचन अडखळू लागते. फोल्डर उतरवताना मध्येच चूक आली, तर लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेते आणि मग अवघड जागांवर पुन्हा पुन्हा जाते. त्याआधी डीव्हीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये.

फोल्डरमध्ये सुमारे एक जीबीच्या चारपाच व्हीओबी फाइली दिसतील. त्या सुट्या सुट्या एन्कोड करून नंतर जोडण्याचा मोह टाळावा. एकच चित्रफीत डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एकेका जीबीवर तोडलेली असते, तो तुकडा वाक्याच्या मध्यावरही पडतो, आणि सांध्यावर आवाज व चित्र यांची फारकत होते. हँडब्रेकला नेहमी पूर्ण फोल्डर द्यावे.

आता ते फोल्डर व्हीएलसीत उघडून चालू करावे आणि ‘टूल्स’मधले ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहावे. विंडोजवर आणि लिनक्सवर कंट्रोल आणि जे दाबूनही ही खिडकी उघडते. तिथे व्हिडिओचा कोडेक एमपेग २, आकार ७२० बाय ५७६ आणि फ्रेम रेट २५ असे दिसेल, कारण आपल्याकडची दूरदर्शनची पद्धत पाल होती. कोडेक आणि फाइलचा प्रकार यांत लोक फार घोळ घालतात. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते कोडेक सांगतो, आणि एकाच नावाच्या दोन डब्यांत निरनिराळे कोडेक असू शकतात. ‘एमपी४ आहे तरी टीव्हीवर चालत नाही’ ही तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा आतल्या कोडेकचा असतो.

याच वेळी चित्र एकदा थांबवून नीट न्याहाळावे. वधू मान वळवते आहे, मुंडावळ्या हलत आहेत, अशा क्षणी स्पेस दाबून चित्र थांबवावे आणि ई दाबत एकेक फ्रेम पुढे जावे. मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर चित्र इंटरलेस्ड आहे. पाल पद्धतीत कॅमेरा सेकंदाला ५० वेळा चित्र घेतो, पण प्रत्येक वेळी निम्म्याच ओळी, एकदा सम आणि एकदा विषम. दोन अर्धी चित्रे एका फ्रेममध्ये विणली की त्या पन्नासाव्या हिश्श्यात जे हलले असेल त्याला दात फुटतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे कळत नसे, सपाट पडद्यावर डोळ्यांत भरते. व्हीएलसीत डी दाबून डीइंटरलेसिंग, म्हणजे हे दात काढण्याची सोय, चालू बंद करून फरक पाहता येतो, मात्र तो फरक दाखवण्यापुरता असतो, फाइल तशीच राहते.

हँडब्रेकमध्ये हा दोष कायमचा काढायचा आहे, आणि बहुतेक घरगुती प्रती याच ठिकाणी फसतात. फोल्डर उघडल्यावर ‘टायटल’मध्ये सर्वांत लांब कालावधीचा भाग निवडावा, कारण बाकीचे मेनू आणि जोडतुकडे असतात. ५७६ आणि २५ असे अंक नावात असलेला प्रिसेट, म्हणजे सेटिंगांचा तयार संच, आपल्या आकाराला जुळतो, पण त्यात फ्रेम रेटला २५ ची कमाल मर्यादा असते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा टिपलेल्या हालचालींपैकी निम्म्या टाकून दिल्या जातात. ‘फिल्टर्स’मध्ये ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद करावे, डीइंटरलेससाठी बीडब्ल्यूडीफ, आणि ते नसेल तर याडिफ निवडावे व त्याचा प्रकार ‘बॉब’ ठेवावा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम होते. मग ‘व्हिडिओ’मध्ये जाऊन फ्रेम रेट ५० आणि ‘कॉन्स्टंट’ करावा. एवढ्या बदलाने वरातीतले नाचणे पुन्हा तितकेच सफाईदार दिसते, जितके ते टीव्हीवर दिसत असे. माझ्या मते साऱ्या सेटिंगांत हे एक सेटिंग सर्वांत मोलाचे आहे.

व्हीएचएसवरून आलेल्या चित्राचे आणखी दोन त्रास असतात. अगदी तळाशी पाचदहा ओळींची थरथरती, वाकडी पट्टी दिसते. कॅसेट वाचणारा प्लेअर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना ती उमटते. ‘डायमेन्शन्स’मध्ये कातरणे ‘कस्टम’ करून तळाच्या आठ ते बारा ओळी कापाव्यात. दुसरा त्रास दाण्यांचा. सगळ्या चित्रभर मुंग्यांसारखी सळसळ असते आणि एन्कोडर ती सळसळ प्रामाणिकपणे जपण्यात जागा घालवतो. त्यासाठी एनएलमीन्स या दाणे काढणाऱ्या फिल्टरमध्ये ‘टेप’ नावाचा खास पर्याय आहे. जोर मात्र ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’ यापुढे नेऊ नये, नाहीतर पैठणीचा पोत जातो आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. चित्राची लांबीरुंदी बिघडू नये म्हणून ‘अ‍ॅनामॉर्फिक’ हे ‘ऑटोमॅटिक’वरच असू द्यावे, कारण डीव्हीडीतले ७२० ठिपके चौरस नसतात. ते चौरस समजले गेले तर माणसे अरुंद आणि लांबट दिसतात.

आता गुणवत्तेचा आकडा. हँडब्रेकमध्ये सरकपट्टीवर आरएफ दिसतो. तो जितका कमी तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ ही पट्टी हँडब्रेकच्या मार्गदर्शिकेतच सुचवलेली आहे. त्यातला नेमका कोणता आकडा घ्यावा हे दुसऱ्याला विचारून ठरवू नये, स्वतःच्या फितीवर पाहून ठरवावे, आणि त्यासाठी अक्षतांचा क्षण शोधावा. एन्कोडर मागच्या फ्रेमशी साम्य शोधून जागा वाचवतो. ‘शुभमंगल सावधान’ झाले की हजारो तांदळाचे दाणे एकदम वेगवेगळ्या दिशांनी उडतात, अंतरपाट बाजूला होतो, कॅमेरेवाला धक्के खात पुढे सरकतो, आणि साम्य शोधायला काही उरत नाही. लग्नाच्या फितीत एवढा अवघड भाग दुसरा सापडत नाही. ‘रेंज’मध्ये ‘सेकंद्स’ निवडून त्याच्या आजूबाजूची दोन मिनिटे १८, २० आणि २२ अशा तीन आकड्यांवर एन्कोड करून तिन्ही फाइली व्हीएलसीत एकामागून एक पाहाव्यात. ज्या आकड्यावर अक्षतांऐवजी चौकोनी ठोकळे दिसू लागतात, त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावे. फाइल किती मोठी होईल याची चिंता या मानाने किरकोळ आहे : सेकंदाला सरासरी दीड मेगाबिट धरले तर एका तासाचे सुमारे ६७५ एमबी होतात, आणि ४.७ जीबीच्या डीव्हीडीवरचे दोन तासांचे लग्न तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत बसते.

कोडेक एच २६४ घ्यावा, म्हणजे हँडब्रेकच्या यादीतला एक्स २६४. एव्ही१ हा २०१८ मध्ये आलेला, कोणालाही स्वामित्वशुल्क न देता वापरता यावा म्हणून बनवलेला कोडेक तत्त्व म्हणून मला अधिक आवडतो, पण गावी मामांकडच्या जुन्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावल्यावर एच २६४ चालतो आणि एव्ही१ चालत नाही, हे एकदा पाहिले की तत्त्व बाजूला ठेवावे लागते. ‘एन्कोडर प्रिसेट’ ‘स्लो’ ठेवावा आणि संगणक रात्रभर चालू द्यावा. ग्राफिक्स कार्डावरचे जलद एन्कोडिंग वेळ वाचवते, पण तितक्याच जागेत चित्र थोडे कमी प्रतीचे देते. एकदाच करायच्या कामाला ती घाई नको. आवाजासाठी एएसी हा कोडेक, दोन चॅनेल आणि १६० केबीपीएस पुरेसे आहे. मंगलाष्टकांच्या वेळी लाउडस्पीकरमुळे फाटलेला आवाज यातून सुधारणार नाही, कारण तो फाटलेलाच नोंदला गेला आहे.

एक चूक मी स्वतः केलेली आहे. घरातल्या एका मुंजीची फीत मी आधी फोनसाठी लहान करून घेतली, मूळ प्रत जागा खाते म्हणून पुसली, आणि काही वर्षांनी त्या लहान फाइलवरून टीव्हीसाठी मोठी फाइल करायला बसलो. दाबलेले पुन्हा दाबल्यावर भिंतींचे ठोकळे झाले आणि बटूच्या डोक्याभोवती चिखलासारखे वलय आले. एन्कोडिंग प्रत्येक वेळी काहीतरी कायमचे टाकून देते, म्हणून प्रत्येक नवी फाइल मूळ प्रतीवरूनच काढायची असते.

काही कामांना एन्कोडिंग लागतच नाही. एमकेव्हीमध्ये एच २६४ असेल आणि टीव्हीला फक्त एमपी४ चालत असेल, तर डबा तेवढा बदलायचा. फक्त सप्तपदीचा भाग कापून हवा असेल, तरीही तेच. या दोन्हींसाठी लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर वापरावे. ते चित्राला हात न लावता काही सेकंदांत काम उरकते, मात्र काप सोयीच्या कीफ्रेमवर, म्हणजे मागच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्रावर, बसतो, त्यामुळे सुरुवात एकदोन सेकंद मागेपुढे होते. त्याच्या आणि हँडब्रेकच्याही पोटात मोठ्या प्रमाणावर एफएफएमपेगच काम करते, जे फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केले. नातेवाइकांना फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, तिथे ती पुन्हा दाबली जाते; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते.

त्याच कपाटात ऑडिओ कॅसेट असतील, आजीच्या ओव्या किंवा कोणाचे कीर्तन, तर त्यांचे काम सोपे पण सावकाशीचे आहे : साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावे, प्लेअरच्या लाइन आउटमधून संगणकाच्या लाइन इनमध्ये तार जोडावी आणि ऑडॅसिटीत पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. खरखर काढण्यासाठी ओवी सुरू होण्याआधीची एकदोन सेकंदांची शांतता निवडून तिच्यावरून ‘नॉइज प्रोफाइल’ घ्यावे आणि मग साऱ्या ध्वनिमुद्रणावर ६ ते ९ डेसिबल इतकाच उतारा द्यावा. २० दिला तर आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. साफ न केलेली मूळ नोंद फ्लॅकमध्ये ठेवावी, कारण त्यात एक बिटही गमावला जात नाही. ऐकण्यासाठीची साफ प्रत ओपस या आवाजाच्या कोडेकमध्ये काढावी. बोलण्यासारख्या आवाजाला ३२ केबीपीएस पुरतात आणि तासाभराची फाइल १५ एमबीच्या आत राहते. जुन्या कारमधल्या प्लेअरला ओपस कळत नाही, तिथे एमपी३ द्यावे.

सगळे झाल्यावर नवी फाइल सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या पाच मिनिटांत पाहावी. ओठ आणि शब्द सुरुवातीला जुळतात आणि शेवटी घसरतात, असा दोष पहिल्या मिनिटात कधीच दिसत नाही. सारखेच अंतर पडले असेल तर व्हीएलसीत जे आणि के दाबून ते मोजता येते. वाढत जाणारे अंतर दिसले तर मूळ फोल्डरवरून पुन्हा एन्कोड करावे. ते फोल्डर दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावे, त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी, आणि फाइलच्या नावात लग्नाची तारीख व दोन्हीकडची आडनावे लिहावीत, म्हणजे तीस वर्षांनी ‘टायटल १’ कोणाचे हे कोणाला विचारत बसावे लागणार नाही.