कब कॅम्पला मुलासोबत जाताय? सॅक त्यालाच भरू द्या
कब-बुलबुल म्हणजे स्काउट-गाइडमधली दहा वर्षांच्या आतली पोरं, त्यामुळे काही कॅम्पना पालकांनाही सोबत बोलावतात. जाणार असाल तर आदल्या रात्री सॅक तुम्ही भरू नका, त्याच्याच हातून भरून घ्या. रोजचे कपडे वेगवेगळ्या पिशवीत, टॉर्च सगळ्यात वर. मग रात्री अंधाऱ्या तंबूत "आई, माझा मोजा कुठंय?" होत नाही. (आमचा शेवटी उशीच्या अभ्र्यात सापडला.) दोरीची रीफ नॉटही (दोन टोकं जोडायची गाठ) घरीच दोन-चारदा करवून घ्या: आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ घसरते. तिथं मात्र चुकला तरी लगेच धावायचं नाही. कब मास्टर बघतील. आपण लांबून चहा प्यायचा.