कन्व्हर्टर मॉड्यूल बदलण्याआधी: कुशीचा फोटो काढला का?

गेल्या वर्षी भोसरीतल्या एका पेंट शॉपमध्ये ड्राय-ऑफ ओव्हनचा (धुतलेले पार्ट वाळवणाऱ्या भट्टीचा) सिग्नल कन्व्हर्टर बदलला, म्हणजे सेन्सरकडचा विजेचा सिग्नल कंट्रोलला हवा तसा बदलून देणारं छोटं मॉड्यूल. गुरुवारची सुट्टी, लाइन बंद, काम फार तर दहा मिनिटांचं. जुना काढला, स्टोअरमधून आणलेला त्याच नंबरचा नवा बसवला, हिरवा दिवा लागला आणि मी अंधार पडायच्या आत निगडीला घरी. शुक्रवारी सकाळी पेंट शॉपचा फोन आला, "साहेब, पार्ट ओले बाहेर येतायत." स्क्रीनवर १२० अंश, ओव्हनच्या आत प्रत्यक्षात १००. ही यादी त्या फोननंतर केलेली आहे, त्यामुळे एका बाजूला, म्हणजे मॉड्यूलच्या कुशीवरच्या बारीक स्विचच्या फोटोकडे, जरा जास्तच झुकली आहे. झुकू दे.

आधी मॉड्यूल खरंच गेलंय का ते बघा. आकडा हलला की कन्व्हर्टर बदल, ही सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे आणि त्यात चांगली मॉड्यूल्स भंगारात जातात. २४ व्होल्ट मोजायचे ते मॉड्यूलच्या टर्मिनलवर, एसएमपीएसवर (पॅनेलच्या पॉवर सप्लायवर) नाही. मधला एक ढिला स्क्रू पुरतो. मग इनपुटला मिलिअँपिअर मोजा, पण त्याआधी स्वतःच्या मल्टिमीटरचा मिलिअँपिअरचा फ्यूज शाबूत आहे ना ते बघा. तो उडालेला असला की लूप (सिग्नलचं सर्किट) तुटतो, मीटर शून्य दाखवतो आणि आपण ट्रान्समीटरला, म्हणजे सेन्सरचं माप मिलिअँपिअरमध्ये पाठवणाऱ्याला, शिव्या घालत बसतो. ट्रान्समीटर ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर अडकून बसला असेल, तर तो बिघाडाचाच इशारा देतोय. तिथे कन्व्हर्टर निर्दोष, वर जाऊन सेन्सर बघा. इनपुट बरोबर आणि आउटपुट चूक असेल, तर पीएलसीकडे (ओव्हन चालवणाऱ्या पॅनेलमधल्या कॉम्प्युटरकडे) जाणारी वायर सोडून पुन्हा मोजा. सोडल्यावर व्होल्टेज बरोबर आलं तर दोष पुढे आहे, पीएलसीच्या कार्डात नाहीतर वायरिंगमध्ये. मे महिन्यात वळीव कडाडून गेल्यानंतरचा बिघाड असेल तर लांबून, शेडबाहेरून येणाऱ्या केबलचे कन्व्हर्टर आधी तपासा. आणि कुणी केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला निघाला तर त्याचा हात धरा. पाचशे व्होल्ट इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेले की एकाच्या जागी चार मॉड्यूल्स बदलावी लागतील.

पिशवीत काय घ्यायचं ते तुम्हाला माहीत आहे. बारीक पेचकस, मीटर, लूप सोर्स (ठरवू तितके मिलिअँपिअर देणारं यंत्र), पिन लग, कोरे फेरूल (वायरवर चढवायच्या नंबरच्या नळ्या). नव्या मॉड्यूलचा नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. डबा तसाच, रंग तोच, पण एक २४ व्होल्ट डीसीचा आणि दुसरा २३० एसीचा असू शकतो. मॅन्युअल फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, पॅनेल रूममध्ये रेंज नसते.

आता मुद्द्याचं. जुन्या मॉड्यूलच्या डिप स्विचचा, म्हणजे सेटिंगच्या बारीक स्विचच्या ओळीचा, फोटो.

ही मॉड्यूल्स पस्तीस मिलिमीटरच्या रेलवर एकमेकांना चिकटून उभी असतात आणि बऱ्याच बनावटींत डिप स्विच असतात कुशीला. म्हणजे शेजाऱ्याच्या अंगाला लागलेल्या बाजूला. समोरून तुम्ही वायरिंगचे दहा फोटो काढाल, काढायलाच हवेत, पण त्यातल्या एकातही स्विच दिसणार नाहीत. मीही दहा काढले होते. फेरूलचे नंबर सुरेख आले होते. मॉड्यूल रेलवरून सुटलं की पहिलं काम म्हणजे ते आडवं करायचं, कुशीवर उजेड पाडायचा आणि फोटो घ्यायचा. हातातून खाली ठेवण्याआधी. नवीन उघडण्याआधी. चहा आला तरी. फोटोवर विसंबू नका, कागदावरही लिहा, १ चालू, २ बंद, ३ बंद असं आठही. पांढऱ्या स्विचवर फ्लॅश पडला की वर-खाली काही कळत नाही. स्विच नसतील तर सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतं, मग जुनं मॉड्यूल जिवंत असतानाच फाइल उतरवून घ्या. मेल्यावर ते काही सांगणार नाही.

माझं काय झालं ते सांगतो. ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा, रेंज शून्य ते २०० अंश, कन्व्हर्टर त्याचे शून्य ते दहा व्होल्ट करून पीएलसीला देणार. नवा फॅक्टरीतून शून्य ते २० च्या सेटिंगवर आला होता. म्हणजे ४ मिलिअँपिअरलाच दोन व्होल्ट, म्हणजे स्क्रीनवर ४०. ट्रान्समीटर १०० अंशांना १२ मिलिअँपिअर देणार, त्याचे झाले सहा व्होल्ट, स्क्रीनवर १२०. बर्नर खूश, सेटपॉइंट गाठला म्हणून गप्प. मी तपासलं नव्हतं असं नाही. सोर्सने २० मिलिअँपिअर दिले, २०० आले, डबा बंद केला. वरच्या टोकाला दोन्ही सेटिंग सारखंच उत्तर देतात! त्याहून वाईट म्हणजे गार ओव्हनवर स्क्रीन ६० दाखवत होती आणि मी मनाशी म्हटलं, निवला नसेल अजून. आदल्या रात्रीपासून बंद असलेला ओव्हन.

फोटो असता तर हे काहीच झालं नसतं. शुक्रवारी दुपारी भंगाराच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून जुनं मॉड्यूल शोधलं आणि तिसरा स्विच बघितला. तो डबा सकाळी उचलून नेला असता तर मॅन्युअल शोधत बसलो असतो.

हात लावण्याआधी कंट्रोलर मॅन्युअल मोडवर, आउटपुट शून्य. गुरुवार असो, लाइन बंद असो, तरीही. कारण वायर सुटली की पीएलसीला आकडा तळाला गेलेला दिसतो, ओव्हन थंड पडलाय असं वाटतं आणि तो बर्नर पूर्ण उघडतो. गॅसचा कॉक हाताने बंद करा, ऑपरेटरला तोंडाने सांगा, पॅनेलला कुलूप आणि टॅग लावा. वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट आहे ना आणि तो बायपास केलेला नाही ना, तेही बघून घ्या. यात घाई करणाऱ्याला मी पॅनेलजवळ उभा करत नाही.

मग काढा. एकेक वायर, फेरूल वाचून. फेरूल गळाला असेल तर नवा घाला, "लक्षात राहील" म्हणू नका. क्लिप खालून उचकटा, शेजाऱ्याला धक्का न लावता. आणि कूस! आत्ता! फोटो!

नव्याचे स्विच रेलवर चढवण्याआधीच लावा, नंतर पेचकस आत शिरत नाही. जुनं नवं शेजारी धरून जुळवा, पण बनावट वेगळी असेल तर आंधळेपणाने उतरवू नका, स्विचचा अर्थ बदलतो. तेव्हा जुन्याच्या मॅन्युअलमधून अर्थ काढा आणि नव्याच्या मॅन्युअलमधून जागा शोधा. सप्लाय चालू असताना स्विच हलवला तर बरीच मॉड्यूल्स तो वाचतच नाहीत, एकदा बंद करून चालू करावं लागतं. लूपला २४ व्होल्ट कोण देतंय तेही ठरवून घ्या, मॉड्यूल की बाहेरचा सप्लाय. दोघंही देत असतील तर इनपुट जाऊ शकतो. केबलच्या शील्डचं (आतल्या जाळीचं) अर्थिंग एकाच टोकाला करा.

तपासणी पाच जागी: ४, ८, १२, १६, २०. आमच्या रेंजला ०, ५०, १००, १५०, २०० यायला हवेत. एका टोकाची तपासणी म्हणजे तपासणी नाही, हे मी ओल्या पार्टच्या ढिगासमोर उभा राहून शिकलो. त्यानंतर ट्रान्समीटर परत जोडून ओव्हन तापवा आणि हातातल्या थर्मोकपलने आतलं तापमान ताडून बघा.

आरएस-४८५ चे (दोन वायरींवरून डेटा पाठवणारे) कन्व्हर्टर असतील तर थोडक्यात: बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचं सेटिंग), स्लेव्ह नंबर (मॉड्यूलचा पत्ता) लिहून घ्या. ए आणि बी ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने लावते, बोलणं जुळलं नाही तर आधी त्या दोन वायर अदलाबदल करून बघा. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधल्या कुणालाही नाही. जुन्या मॉड्यूलमध्ये तो आतल्या स्विचने चालू केलेला असू शकतो, आणि तो स्विच कुठे असतो? कुशीला. वेगळा रेझिस्टर लागला तर पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतो, चार जास्त आणा.

बाकी नेहमीचं. स्क्रू आवळा, वायर ओढून बघा, टॅग काढा, कंट्रोलर ऑटोवर, रजिस्टरमध्ये नोंद. स्विचची नोंद पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तिथे हजर राहा. आणि जुनं मॉड्यूल आठवडाभर पिशवीत घालून, टॅग नंबर लिहून, कपाटात ठेवा. भंगाराच्या डब्यात नाही.