ताऱ्यांचे फोटो स्टॅक करताना लॅपटॉप तापतो? या चुका टाळा

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या ३०० रॉ फ्रेम (कॅमेऱ्यातले कच्चे फोटो) स्टॅक करायला, म्हणजे एकावर एक रचून त्यांचा एकच स्वच्छ फोटो करायला, सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की प्रोसेसरचे सगळे कोअर बराच वेळ पूर्ण ताकदीने राबतात. ब्राउझर, व्हिडिओ यांत भार येतो-जातो. इथे प्रोसेसरला उसंतच नाही. म्हणून एरवी गार असणारा लॅपटॉप नेमका इथे गळपटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता हात लावून निदान करणं. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सेन्सरचे आकडे बघा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, रायझनची साधारण ९५. काम चालू असताना ८५–९० अंश दिसले आणि वेग टिकून राहिला तर तो बिघाड नव्हे. पहिल्या एक-दोन मिनिटांनी वेग थोडा उतरतो, तेही ठरलेलंच, कारण टर्बोची (थोड्या वेळापुरत्या जादा वेगाची) मुदत संपते. पण ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःच वेग कमी करणं) ‘यस’ येतंय आणि ४ गिगाहर्ट्झवरचा क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, दीडवर घसरलाय, तर उष्णता बाहेर पडत नाहीये.

मशीन मध्येच बंद पडलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (घडामोडींच्या नोंदवहीतल्या) ‘कर्नल-पॉवर ४१’वर विसंबू नका. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ती नोंद सांगते, कारण नाही. त्यापेक्षा एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवून स्टॅकिंग लावा आणि फाइलमधली शेवटची ओळ वाचा. तिथे ७० अंश असतील तर पंख्याच्या मागे लागू नका. मशीन बंद न पडता नुसतं गोठत असेल तर रॅम किंवा डिस्कवरची जागा संपलीय का ते आधी बघा. या कामात तात्पुरत्या फाइलींचा ढीग साठतो.

गादी, उशी, मांडी नकोच. हवा आत घेणारी जाळी बहुतेक लॅपटॉपमध्ये खालीच असते. मागची कड दोनेक सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. कूलिंग पॅड घ्यायचं तर त्याचे पंखे लॅपटॉपच्या जाळीखाली येतात का ते बघून घ्या. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो, म्हणून मे महिन्यात स्टॅकिंग दुपारी लावू नका, पहाटे लावा. कूलरचा दमट झोत मात्र लॅपटॉपवर सोडू नका.

स्टॅकिंगला प्रोसेसरचे सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) देऊन टाकणं ही पुढची चूक. सिरिलच्या खिडकीत खाली उजवीकडे थ्रेडचा आकडा असतो. ८ असतील तर ६ करा. विंडोजच्या पॉवर पर्यायांत ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के केलं की टर्बो सहसा बंद होतो (काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो). शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज चढतं आणि उष्णता वेगाच्या मानाने कितीतरी जास्त वाढते. थ्रॉटलिंगने अडखळणाऱ्या मशीनपेक्षा टर्बोविना एका चालीने चालणारं मशीन कित्येकदा तितक्याच वेळात काम संपवतं.

एवढं करूनही भागलं नाही तरच स्क्रू ड्रायव्हर काढा. पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून हवा मारली तर तो आत सरकून तिथेच अडकतो. खालचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर काढा, पंख्याची पाती काडीने धरून ठेवा आणि मग हवा मारा. चिप आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलताना जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिपवर नवीचा पातळ थर पसरवा आणि हीटसिंकवर छापलेल्या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळा. शेजारच्या मेमरी चिपवरचे मऊ पॅड काढून तिथे पेस्ट लावू नका. ती फट पेस्टने भरत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) आहे का, हे हीटसिंक उचलण्याआधीच शोधा. ते वीजवाहक असतं आणि बोर्डवर ओघळलं तर शॉर्ट होतो. तसं असेल तर धूळ काढा, झाकण लावा आणि पेस्टचं काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा.