जुन्या जीपला मोठे टायर बसवताना: आधी कॅस्टर मोजा, मग शॅकलला हात लावा

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात शेतापर्यंत जीप न्यायची, तर 28 इंची टायरवर डिफरन्शिअलचा गोळा तांबड्या चिखलात टेकतोच. म्हणून 31 इंची टायर हवेत. मात्र टायर 3 इंचांनी वाढला तरी ॲक्सल दीडच इंच उचलला जातो. टायर मडगार्डला घासू नये म्हणून लागणारी उंची सस्पेन्शनमधूनच काढावी लागते.

हे सगळं पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड ॲक्सल असलेल्या जुन्या जीपसाठी आहे. पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पीळ घेणारी सळई) असलेल्या थारला यातलं काही लावू नका.

जॅक, स्टँड, चाकं काढणं, हे तुम्हाला येतं असं धरतो. पाटे उतरवा आणि पाटेवाल्याकडून कमान वाढवून, गरज असेल तिथे एक पान जादा घालून आणा. 2 इंच पुरे. शॉक ॲब्सॉर्बर त्याच मापाने लांब घ्या, ब्रेकचा होज ताणला जात असेल तर तोही बदला. मागचं काम इथे संपलं.

डोकं खातो तो पुढचा ॲक्सल.

"शॅकल 2 इंच लांब करा की ओ, गाडी 2 इंच उठतीय" असं सांगणारा प्रत्येक गॅरेजमध्ये एक तरी असतोच. त्याचं ऐकू नका. शॅकल (पाटा चेसिसला जोडणारी झुलती कडी) पाट्याचं एकच टोक खाली ढकलतो, म्हणून ॲक्सलपाशी उंची मिळते निम्मी, म्हणजे 1 इंच. शिवाय पाटा तिरका होतो. पाटा मीटरभर लांब धरला तर 2 इंचांत तो सुमारे 3 अंश फिरतो. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर ॲक्सलचा माथा तेवढाच पुढे झुकतो. या जीपचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचा) मागे असलेला कल, मुळात असतो 3 अंशांच्या आसपास. म्हणजे सगळाच गेला! आणि कॅस्टर गेला की स्टेअरिंग थडथडतं.

हे मी शिकलो ते चोर्ला घाटात. 50 च्या वेगात एक खड्डा लागला आणि स्टेअरिंग असं थडथडलं की गाडी जवळजवळ थांबेपर्यंत आवरेना. मग दोनदा व्हील बॅलन्सिंग, टाय रॉडचे नवे एंड, स्टेअरिंग डँपर. सगळे पैसे पाण्यात. डँपर थरथर झाकतो, कोन दुरुस्त करत नाही.

तेव्हा काम सुरू करण्याआधी गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करा, किंगपिनच्या टोपणाच्या सपाट भागावर कोनमापक पुढून मागे ठेवा आणि आकडा खडूने चेसिसवर लिहा. काम झाल्यावर पुन्हा मोजा. कमान वाढवलेल्या पाट्यांनी फारसा फरक पडत नाही. शॅकल बदललाच असेल आणि कोन कमी आला, तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घाला. ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, पाटा ॲक्सलच्या वर असेल तर मागे. उलटी घातली तर आहे तो कॅस्टरही जाईल. पाचर पोलादीच हवी, बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर करून मिळते. ॲल्युमिनियमची चिरडते. एकावर एक दोन पाचरी कधीच नाही. सेंटर बोल्ट त्या हिशेबाने लांब घ्या, नाहीतर त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसत नाही आणि ॲक्सल सरकतो.

पाचरीने पिनियनचं (डिफरन्शिअलला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्या भागाचं) तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर डांबरी रस्त्यावर ते सोडून ठेवा, शाफ्ट फिरणार नाही. हब नसतील तर क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर खाल्ले जातील. तरी मी कॅस्टरच निवडतो.

पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर पाट्याला लागतो का बघा.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असे बदल सरसकट चालत नाहीत. आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही पाटे उतरवण्याआधीच विचारा. आणि मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटरचा काटा 50 दाखवेल तेव्हा गाडी 55 ने पळत असेल.