३१ मार्चच्या ऑर्डरी रिपोर्टमधून गायब का होतात?

डेटाबेसमधून आर्थिक वर्षाचा रिपोर्ट काढताना बरेच जण एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) बिटवीन '२०२४-०४-०१' अँड '२०२५-०३-३१' लिहून मोकळे होतात. तारखेचा कॉलम नुसता डेट टाइपचा असेल तर ठीक आहे, पण तो टाइमस्टँप किंवा डेटटाइम (तारखेसोबत वेळही ठेवणारा) असला की गडबड, कारण नुसती तारीख दिली की डेटाबेस ती दिवस सुरू होतानाच्या रात्री १२ ची धरतो, म्हणजे ३१ मार्चला दिवसभर आलेल्या सगळ्या ऑर्डरी बाहेर, आणि एरर वगैरे काही येत नाही, फक्त आकडा कमी येतो आणि मग अकाउंट्सवाले डोकं खातात.

शेवटी २३:५९:५९ लावायचा जुगाड पण नको, पोस्टग्रेस या डेटाबेसचा टाइमस्टँप मायक्रोसेकंदापर्यंत (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत) जातो, त्या शेवटच्या सेकंदातली एखादी रो (टेबलमधली ओळ) सुटू शकते. सरळ असं लिहा:

ऑर्डर_डेट >= '२०२४-०४-०१' अँड ऑर्डर_डेट < '२०२५-०४-०१'

महिन्याचा रिपोर्ट असेल तर शेवटी पुढच्या महिन्याची १ तारीख येते, त्यामुळे फेब्रुवारी २८ चा की २९ चा हेही बघायला लागत नाही.

आणि हो, व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटीत) मंथ(ऑर्डर_डेट) = ३ असलं काही टाकू नका. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्यावरचा साधा इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) सहसा कामाला येत नाही, अख्खं टेबल वाचलं जातं (वर सगळ्या वर्षांचे मार्च एकत्र येतात ते वेगळंच). पटत नसेल तर एका महिन्याची रेंज घेऊन दोन्ही क्वेरींपुढे एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) लावून बघा, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टाइप या कॉलमखाली ऑल दिसलं की अख्खं टेबल वाचलं जातंय असं समजायचं. फक्त टेबल जरा मोठं घ्या, टेस्टच्या शे-दोनशे रोंवर फरक कळत नाही.