सहीचा जुना फोटो घेताना आधी शाई बघा

सहीचा जुना फोटो समोर आला की नाव वाचून हरखू नका, आधी शाई बघा. कोल्हापुरात शिवाजी पेठेत फ्रेमिंगचं दुकान चालवताना पैलवानांचे, क्रिकेटवाल्यांचे सहीचे फोटो माझ्या हातून गेलेत, थोडे मी स्वतः जमवलेत. पहिली परीक्षा हीच.

बॉलपेन दुकानात विकायला आलं 1945 च्या सुमारास. शाहू महाराज 1922 साली गेले. त्यांच्या फोटोवर कुणी बॉलपेनची सही दाखवली तर बोलणं तिथंच संपलं. अमेरिकेत बेसबॉलची जुनी कार्डं जमवणारेही असंच ताडतात: तिथला नावाजलेला खेळाडू बेब रूथ 1948 साली वारला आणि शार्पी नावाचं मार्कर पेन आलं 1964 ला, मग त्या मार्करची रूथची सही खरी कशी? पण घाईही नको. भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या त्या डिसेंबर 1948 मध्ये, आणि ते गेले 2012 साली. त्या काळच्या फोटोवर मार्करची सही दिसली तरी ती खोटीच असं नाही. फोटो जुना, सही म्हातारपणची असू शकते.

मग दहापटीचं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं. छापलेली सही बहुतेक वेळा ठिपक्याठिपक्यांची दिसते. बॉलपेनच्या सहीची खाच फोटो उजेडात तिरका धरला की कळते. गिरवलेल्या सहीची रेघ थरथरते. वयस्कर हातही कापतो, म्हणून त्याच वयातल्या दोन-तीन खात्रीच्या सह्या शेजारी ठेवल्याशिवाय काही ठरवू नका.

एका तालमीतून फ्रेम आली होती. पैलवानाचा फोटो, खाली शाईपेनची सही. पावसाळ्याची ओल शिरून फोटो काचेला चिकटलेला. मी तेव्हा नवखा, ओढून काढला. कागद हातात आला, सही काचेवर राहिली. वस्ताद काही बोलले नाहीत, फक्त काच मागून घेऊन गेले. ती सही परत मिळणारी नव्हती. तेव्हापासून चिकटलेला फोटो मी ओढत नाही. काचेवरूनच त्याचा चांगला फोटो काढून घेतो आणि मूळ काचेसकट जपायला सांगतो.

नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लरहित. लॅमिनेशन कधीच करू नका. पीव्हीसीचे पारदर्शक कव्हर कालांतरानं शाईला चिकटतात, पॉलिएस्टरचे घ्या. भिंतीवर प्रत लावा, उन्हानं सही उडते. मूळ फोटो कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि घर पंचगंगेच्या बाजूला असेल तर वरच्या मजल्यावर. 2019 आणि 2021 चं पाणी आपण पाहिलंय.

फोटो कुणाकडून, कधी, केवढ्याला घेतला, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच कव्हरमागं ठेवा. देणाऱ्यानं सही कुठं, कशी घेतली ते सांगितलं असेल तर तेही त्याच्याच शब्दांत लिहा.