घडीचा चाकू घेताना आणि वापरताना या चुका टाळा

मुंबईत खिशातल्या चाकूला रोज पडणारी कामं मोजून बघा. कुरिअरच्या खोक्यावरची टेप, सुतळी, डब्यातलं सफरचंद, शर्टाचा लोंबणारा दोरा, नव्या वस्तूचं चिवट प्लास्टिक आणि मे महिन्यात हापूस. यातल्या एकाही कामाला लांबलचक पातं लागत नाही. तरी दुकानात हात जातो तो काळ्या, जाडजूड, चार इंची चाकूकडे. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

चूक पहिली: लांब आणि जाड पातं

मोजपट्टी जवळ नसली तरी एटीएम कार्ड असतंच. त्याची लांबी ८.६ सेंटिमीटर आणि रुंदी ५.४ सेंटिमीटर असते. पातं कार्डाच्या लांबीपेक्षा मोठं नको. त्याच्या रुंदीपेक्षा थोडं मोठं, म्हणजे ६ ते ७ सेंटिमीटर असलं तर शहरात पुरून उरतं.

लांबीपेक्षा जास्त फसवते ती जाडी. पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड, ४ मिलिमीटर जाड असेल, तर सफरचंद कापलं जात नाही. अर्ध्यावर धार अडते आणि फळ कडकन फुटतं, कारण जाड पातं पाचरीसारखं काम करतं. पाठ २ ते २.५ मिलिमीटरची हवी. एका एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, तेव्हा तीन कार्डं एकावर एक धरून पाठीला लावा आणि ताडून बघा. धारेच्या लगेच मागचा भागही पातळ असावा. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतार असलेलं पातं फळ, कागद, दोरी सगळ्यांत नीट शिरतं. अर्धी उंची तशीच जाड ठेवून खाली एकदम तासलेलं पातं दिसायला भारदस्त असतं, पण टोमॅटोसमोर त्याची फजिती होते.

दात्यांची धार सुतळी आणि दोरखंडावर उत्तम चालते, पण घरी तिला धार लावणं कटकटीचं असतं. पहिल्या चाकूला साधी धारच घ्या. आणि काम फक्त खोकी उघडण्याचंच असेल, तर स्टेशनरीच्या दुकानातला, पात्याचे तुकडे मोडत जाणारा कटर घ्या आणि पैसे वाचवा. पुठ्ठ्यावर चांगल्या चाकूची धार फार लवकर मरते.

चूक दुसरी: ‘नऊ इंचांखाली सगळं चालतं’

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. हा आकडा पाठ करून लोक निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त जमावाच्या आणि शांततेच्या कारणासाठी मनाईचे आदेश काढू शकतात. त्या कलमात सुऱ्यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तिथे इंचांची सवलत नाही. सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या दिवसांत असे आदेश निघतात. त्या काळात चाकू घरी ठेवा.

बटण दाबलं की पातं फाडकन बाहेर येतं, तो खटक्याचा चाकू तर घेऊच नका. हिंदी सिनेमातल्या रामपुरीमुळे त्याची एक प्रतिमा ठरून गेलेली आहे. तो खिशात सापडला, तर ‘सफरचंदासाठी आहे’ हे उत्तर कोणालाही पटत नाही. लाल मुठीचा, कात्री आणि बाटली उघडायचा आकडा असलेला स्विस चाकू बघणाऱ्याला अवजार वाटतो. हा फरक लहान नाही.

मेट्रोत आणि मॉलच्या दारात सामान तपासलं जातं आणि चाकू अडवला जाऊ शकतो. विमानाच्या केबिन बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानातच जातो. नेहमीची चूक इथे होते. चाकू बॅगेच्या आतल्या कप्प्यात महिनोन्‌महिने पडलेला असतो, त्याची आठवण विमानतळावर स्क्रीनसमोर उभं राहिल्यावर होते आणि तो तिथेच सोडून यावा लागतो. चाकूला एकच ठरलेली जागा द्या आणि प्रवासाच्या आदल्या रात्री ती रिकामी करा.

चूक तिसरी: पोलादाचं नाव ऐकून भुलणं

मुंबईत धारेच्या आधी गंजाचा विचार करावा लागतो. जुलैची दमट हवा, समुद्राचा खारेपणा आणि पँटच्या खिशातला घाम, तिन्ही एकदम. घामात मीठ असतं. ते सांध्यात शिरतं आणि तिथे फडकं पोचत नाही. त्यामुळे वरून लख्ख दिसणारा चाकू उघडताना करकरतो.

‘डी२’ या पोलादाचं नाव दुकानदार फार कौतुकाने घेतात. त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम असतं, म्हणजे कागदावर ते गंजरोधक वाटतं. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी जोडलं जातं आणि गंज अडवायला मोकळं उरत नाही. धार छान टिकते, पण इथल्या पावसाळ्यात ठिपके पडतात. रोज पुसायची सवय नसेल तर नको. ‘१०९५’सारखं साधं कार्बन पोलाद कैरी कापल्यावर काही मिनिटांत काळं पडतं. ‘१४सी२८एन’, ‘१२सी२७’ किंवा स्विस चाकूंचं थोडं मऊ स्टेनलेस ही इथे सुखाची निवड आहे. धार जरा लवकर उतरते, पण पाच मिनिटांत परत येते. नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारा, कारण ४४०ए आणि ४४०सी यांच्यात कार्बनच्या प्रमाणाचा मोठा फरक आहे.

पात्याचा पृष्ठभागही बघा. वाळूचा मारा करून केलेलं राखाडी, खरखरीत पातं ओल धरून ठेवतं आणि गुळगुळीत पात्यापेक्षा लवकर गंजतं. काळा थर दिल्याने पातं वाचतं, धार वाचत नाही. धारेवर तो थर नसतोच.

चूक चौथी: दुकानात नीट न तपासणं

चाकू हातात घ्या आणि हळू उघडा, एकदम झटका देऊ नका. नखाच्या खाचेतून पातं उघडायला नख मोडायची वेळ आली, तर तो चाकू रोजचा नाही. पूर्ण उघडल्यावर टोक चिमटीत धरून आडवं हलवा. पातं डुगडुगलं तर दुसरा नग मागा. मग पातं बंद करून मुठीच्या फटीत वरून बघा. ते एका बाजूच्या पट्टीला घासत असेल, तर रोज उघडझाप करताना धार तिथेच घासली जाणार.

लॉक असेल तर तो कुठला आहे ते समजून घ्या. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती बुडाच्या नुसत्या कडेवर टेकत असेल तर निसटेल. पार पलीकडच्या बाजूला गेली असेल तर झिजलेली आहे. बुडाचा पाव ते अर्धा भाग तिने धरलेला असावा. पातं उघडून पाठीवर तळहाताने दाब द्या आणि बोटं धारेच्या वाटेतून दूर ठेवा. टेबलावर पाठ आपटून बघायची पद्धत काही जण सांगतात. ती करू नका, त्याने चांगला लॉकही खराब होतो.

डावखुऱ्यांना नेहमीचा लायनर लॉक उलटा पडतो. त्यांनी पाठीवर खटका असलेला बॅक लॉक किंवा दोन्ही बाजूंनी सरकवता येणाऱ्या आडव्या कांडीचा लॉक बघावा. आणि लॉकच नसलेला, स्प्रिंगच्या ताणावर उभा राहणारा साधा चाकू? फळं आणि टेपसाठी तो मस्त आहे. फक्त टोकाने भोसकायचं किंवा भोक पाडायचं काम त्याला देऊ नका. पातं मिटतं ते थेट बोटांवर.

शेवटी ट्यूबलाइटखाली धार डोळ्यांसमोर धरा. तीक्ष्ण धार दिसत नाही. जिथे चमकणारी रेघ दिसते तिथे ती बोथट आहे किंवा तुटली आहे. आयात केलेल्या चाकूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असते. ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणाऱ्या डब्यावर यातलं काहीच नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी परत ठेवा.

चूक पाचवी: क्लिप बाहेर मिरवणं

पँटच्या खिशाला क्लिप लावून चाकू ठेवणं रिकाम्या रस्त्यावर ठीक आहे. सकाळी साडेआठला दादरला उतरताना ती क्लिप दुसऱ्याच्या सॅकच्या पट्ट्यात अडकते आणि चाकू गर्दीबरोबर निघून जातो. वर लोकांच्या नजराही जातात. क्लिप काढून टाका. ती बहुतेक टी६ किंवा टी८ मापाच्या, चांदणीच्या खाचेच्या टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेली असते. चाकू बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवा. तो किल्ल्यांबरोबर ठेवला तर मुठीवर ओरखडे पडतात, आणि ढिल्या सांध्याच्या पात्याला किल्ली आतून उचलू शकते.

चूक सहावी: सायकलवरच्या चाकावर धार

सायकलवर दगडाचं चाक फिरवत गल्लीत येणारा धारवाला विळीला आणि जाड सुरीला ठीक आहे. घडीच्या चाकूचं पातळ पातं कोरड्या फिरत्या दगडावर क्षणात तापतं. धारेवर निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं समजा. तो भाग मऊ झाला, आता धार कितीही लावली तरी टिकणार नाही. शिवाय मुठीजवळचा भाग चाकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे काही वेळा धार लावून झाल्यावर पातं मध्येच खोलगट होतं. खाचेतून ओढायचा कार्बाइडचा शार्पनरही टाळा. तो धार घासत नाही, पोलाद खरवडून काढतो.

घरी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) पाण्याचा दगड पुरतो. तो पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, भिजू द्या. ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. पातं दगडाला २० अंशांवर धरा. पातं १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ५ मिलिमीटर वर येते. एका बाजूने दहा-पंधरा हात मारा. मग पलीकडच्या बाजूने अंगठा धारेवरून लांबीने फिरवू नका, तर पाठीकडून धारेबाहेर अलगद सरकवा. बारीक खरखर लागली पाहिजे. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागेस्तोवर बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार लागत नाही, कारण ते इथेच घाई करतात. दुसरी बाजूही तशीच करा, मग एकेक हात आलटून पालटून, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर पाठीच्या दिशेने दहा वेळा ओढा.

बिघाड झालाच तर

पातं घट्ट झालं, करकरतं: आधी तेल नको. आत खिशातला कचरा आणि मीठ आहे, तेलाने त्याची लापशी होते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि त्यात चाकू पंधरा-वीस वेळा उघडझाप करा. जुन्या टूथब्रशने सांधा घासा, नळाखाली धुवा आणि पंख्याखाली उघडा ठेवून पूर्ण वाळवा. मग एकच थेंब वंगण. फळं कापायची असतील तर केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा. शिलाई मशीनचं तेल हलकं असतं, पण ते खाण्याच्या कामाचं नाही. खोबरेल तेल सांध्यात टाकू नका. ते कालांतराने चिकट होतं आणि जानेवारीतल्या गार पहाटे थिजतंही.

फणसाचा चीक मात्र खोबरेलानेच निघतो. पात्याला चोळा, चीक सुटला की साबणाने धुवा. टेपच्या गोंदाला निलगिरीचं तेल लावा.

लाकडी मुठीचा चाकू जुलैत उघडतच नाही: हे ओपिनेल या फ्रेंच चाकूसारख्या, बीचच्या लाकडाच्या मुठीत होतं. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि पात्याला दाबून धरतं. कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच आपटा, पातं थोडं बाहेर येतं. उघडल्यावर दोन दिवस पंख्याखाली ठेवा, फटीत आतून मेणबत्ती घासा आणि मुठीला जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं पेटू शकतं.

गंजाचे ठिपके: खाण्याचा सोडा आणि पाण्याची घट्ट पेस्ट बाटलीच्या बुचाला लावून घासा. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून चाकूला चिंच लावू नका, आम्लाने कार्बन पोलाद काळंच पडतं. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

पातं डुगडुगतं: सांध्याचा स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा आवळा आणि दर वेळी उघडझाप करून बघा. आवळला की पातं अडतं, सोडला की हलतं, असं होत असेल तर निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) स्क्रूच्या आट्यांवर टाचणीच्या टोकाने थेंबभर लावा, योग्य ताणावर थांबवा आणि चोवीस तास हात लावू नका. लाल थ्रेडलॉकर घेऊ नका, तो स्क्रू पुन्हा सुटायला तापवावा लागतो. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर घरी ठोकाठोक नको.

लॉक निसटतो: आधी पात्याचं बूड आणि पट्टीचं टोक स्पिरिटने पुसा, कधीकधी नुसतं तेलच तिथे गेलेलं असतं. तरीही निसटला तर तो चाकू वापरातून काढा. पट्टी पकडीने वाकवून ‘दुरुस्त’ केलेला लॉक दुकानात असताना ठीक वाटतो आणि नेमका ज्या दिवशी जोर लावाल त्या दिवशी बोटावर मिटतो.